काळ्या मिनिटाची साक्षीदार

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांना न घाबरलेला विद्यार्थी शोधूनही सापडला नसता. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चढायची ती फक्त उजवी भुवई, आणि तेवढ्यावर मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. मात्र याच बाई शाळेतून घरी येताना रस्त्यात एखादं कुत्रं पसरलेलं दिसलं की पाठ फिरवायच्या आणि दोन गल्ल्यांचा वळसा घालून घामाघूम होऊन घरी पोचायच्या. पोरांना हे ठाऊक होतं, पण त्यावरून बाईंना चिडवायची छाती कुणाची नव्हती.

कारण जुनं होतं. नऊ वर्षांच्या असताना शेजारच्या लाकडाच्या वखारीतल्या काळ्या कुत्र्यानं त्यांच्या डाव्या पोटरीचा लचका तोडला होता. 'भुंकणारी कुत्री चावत नाहीत' असं कुणी म्हणालं की बाई शांतपणे सांगायच्या, "ही म्हण कुत्रं न चावलेल्या माणसानं केलेली दिसते. आमचं आधी भुंकलं आणि मग चावलं."

बाईंनी लग्न केलं नाही. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर त्या जुन्या दुमजली घरात राहायच्या. दादा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्टच्या वर नाहीतर खाली असायचे. वहिनी दादांपेक्षा दहा वर्षांनी लहान, बडबडी, हसरी आणि हाताची चलाख. तिनं बावीस वर्षं एका पार्लरमध्ये बायकांचे केस कापले होते. नणंद-भावजयीचं बरं चालायचं. म्हणजे दोघी दिवसातून एकदा भांडायच्या आणि दोनदा एकत्र चहा प्यायच्या.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी वहिनीनं चहा पिता पिता सांगितलं, "वन्सं, मी नोकरी सोडतेय. आता खालच्या खोलीत कुत्र्यांचे केस कापणार."

"कुणाचे?"

"कुत्र्यांचे. आंघोळ, नखं, केस, सगळं. माणसांचा कंटाळा आला हो. कुत्री आरशात बघून 'हे असं नव्हतं सांगितलं' तरी म्हणत नाहीत."

बाई तीन दिवस वहिनीशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दादांनी मध्ये पडून तह घडवून आणला. खालच्या खोलीतून वर येणाऱ्या लाकडी जिन्याच्या तळाशी कमरेइतक्या उंचीचं दार बसवायचं. त्याला दोन कड्या. कुठलंही कुत्रं कुठल्याही कारणानं त्या दाराच्या अलीकडे येणार नाही. बाईंनी कड्या स्वतः ओढून पाहिल्या, दोनदा, आणि मगच मान डोलावली.

पहिले काही महिने त्या खाली फिरकल्याच नाहीत. पण वहिनीला वेळेचा हिशेब कधी जमला नव्हता. तीन वाजता एकाला बोलवायची, साडेतीनला दुसऱ्याला, आणि विसरून तीनलाच तिसऱ्याला. मग दारात कुत्र्यांची जुंपायची, मालकांची जुंपायची, आणि वरच्या खोलीत बसलेल्या बाईंच्या छातीत धडधड व्हायची. शेवटी एका सकाळी बाई उशी आणि मोठी जाड वही घेऊन जिना उतरल्या आणि खालून सातव्या पायरीवर बसल्या.

"वेळा मी लिहीन," त्या म्हणाल्या. "तुमच्याच्यानं होत नाही ते. इथून खाली मात्र येणार नाही."

झालं, त्या दिवसापासून बाई पायरीवर. फोन त्या घ्यायच्या, वेळ त्या द्यायच्या, आणि उशिरा आलेल्या मालकांकडे भुवई चढवून बघायच्या. लोक पाच मिनिटं आधी यायला लागले. वहिनी म्हणायची, "आमच्या वन्सं म्हणजे बिनपगारी मुख्याध्यापिका."

कामाला हात घातला की ते नीटनेटकं केल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. त्यांनी वाचनालयातून कुत्र्यांच्या जातींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तीन रंगांच्या पेनांनी वही आखली. हिरव्या शाईत सालस जाती, निळ्यात मधल्या, लाल शाईत धोक्याच्या. लॅब्रेडोर हिरवा. पॉमेरेनियन, पग हिरवे. जर्मन शेफर्ड निळा. रॉटवायलर लाल, आणि खाली दोन रेघा. हिरवी कुत्री खोलीत मोकळी बसली तरी चालायची. लाल कुत्र्याला दिवसातली शेवटची वेळ, तीही एकट्याला, आणि तोंडाला मुसकं बांधूनच.

"वन्सं, अहो, काल मला चावला तो हिरव्यातलाच होता," वहिनी बोटाची पट्टी दाखवत म्हणायची.

"तो अपवाद," बाई म्हणायच्या आणि चाव्याची तारीख मागच्या पानावर टिपून ठेवायच्या. नोंद ठेवायची त्यांची सवयच होती. फक्त त्या नोंदींकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

लाल शाईत नियमित येणारा एकच कुत्रा होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा रॉटवायलर. हे घड्याळवाले काका किडकिडीत, मवाळ, एवढ्या हळू बोलायचे की समोरच्याला पुढे झुकावं लागे. आणि त्यांच्या शेजारी दोरीला हा एवढा थोरला काळा गडी, मान बैलासारखी, डोकं घमेल्यासारखं. त्याचं नाव मिनिट. पिल्लू असताना एक मिनिट एका जागी ठरत नव्हता म्हणून ठेवलेलं. आता तो चार चार तास काकांच्या टेबलाखाली ठोकळ्यासारखा पडून असायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. रस्त्यातून मिनिट निघाला की बायका पोरांना कडेवर उचलायच्या. समोरून कुणी कुत्रं घेऊन आलं तर काका स्वतःच रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. बाई जिन्यावरून त्याला बघायच्या तेव्हा दाराच्या दोन्ही कड्या लागल्यात ना, हे आधी तपासायच्या.

याच्या अगदी उलट ढब्बू. ढब्बू म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांचा लॅब्रेडोर. फिकट पिवळा, गुबगुबीत, सगळ्या रस्त्याचा लाडका. बेकरीच्या पायरीवर तो पसरलेला असायचा आणि शाळेला जाणारी पोरं त्याच्या पोटावर डोकं टेकून फोटो काढायची. "गरीब गाय आहे हो आमची," बेकरीवाले म्हणायचे. बाई आयुष्यात ज्या एकाच कुत्र्याच्या दहा हातांवरून गेल्या असतील, तो ढब्बू.

ते घडलं सातव्या वर्षी, एका मंगळवारी दुपारी. ढब्बूची आंघोळ उरकून तो भिंतीशी पाण्याच्या भांड्याजवळ मोकळा पडला होता, बेकरीवाल्यांची वाट बघत. खोलीत आणखी कापूस होता. कापूस म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा पॉम, चौदा वर्षांचा, एका डोळ्यानं अधू, जिथं तिथं नाक खुपसणारा म्हातारा. त्याचेही केस कापून झाले होते. तेवढ्यात घड्याळवाले काका मिनिटला घेऊन दारात.

"शाळेतलं मोठं घड्याळ बंद पडलंय, आत्ताच बोलावणं आलं," ते पुटपुटले. "अर्धा तास याला ठेवता? दुकानात एकटा राहत नाही तो."

बाईंची भुवई चढली. "वहिनी, लाल शाई."

"बांधून ठेवते हो, अर्धा तास तर आहे! आणि मुसकं काढते, बघा, तहानलाय बिचारा." वहिनीनं मिनिटला जिन्याच्या दाराजवळच्या कडीला आखूड बांधलं, त्याच्यापुढे पाणी ठेवलं. बाईंनी पाय एक पायरी वर घेतले.

दहाएक मिनिटांनी धोबी टॉवेलांचं गाठोडं घेऊन आला आणि वहिनी ते मोजून घ्यायला बाहेर गेली. खोलीत तीन कुत्री आणि पायरीवर बाई.

कापूस इकडे तिकडे हुंगत ढब्बूपाशी पोचला. आधी त्याचं पाणी प्यायला, मग त्याच्या तोंडाजवळ गेला आणि त्याचा डावा कान हुंगू लागला. ढब्बूनं मान वळवली. कापूस फिरून पुन्हा त्याच कानाशी. बाई बघत होत्या. भीतीमुळे म्हणा, सवयीमुळे म्हणा, कुत्र्यांवरून त्यांची नजर कधी हटत नसे. त्यांना दिसलं की ढब्बूची शेपटी हलायची थांबली. नुसती थांबली नाही, ताठ झाली. तोंड मिटलं. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. तो गुरगुरला, पण अगदी हलकं, आणि कापसाला ऐकूही कमीच यायचं. कापसानं त्याच कानाला जीभ लावली.

पुढचं इतक्या झटकन झालं की बाईंना फक्त आवाज आठवतो, लाकूड कडाडल्यासारखा, आणि मग कापसाची किंकाळी. ढब्बूनं त्याला खांद्याजवळ धरलं, झटकलं आणि सोडलं. कापूस धडपडत पळाला तो थेट समोरच्या काळ्या भिंतीकडे, म्हणजे मिनिटकडे, आणि त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये घुसला. मागोमाग ढब्बू, दात दाखवत.

"ए! बस खाली!"

एकतीस वर्षं जपून ठेवलेला आवाज बाईंनी एका दमात खर्च केला. खिडकीची तावदानं थरथरली असतील. ढब्बू जागच्या जागी बसला. मिनिटही बसायला गेला, पण पोटाखाली कापूस, त्यामुळे तो अर्धवट वाकला आणि पुन्हा उभा राहिला. कुणीतरी परक्याचं तान्हं मूल अचानक हातात द्यावं तसा तो पाय फाकवून, श्वास रोखून, छताकडे बघत उभा होता. सगळं अंग थरथरत होतं. त्यानं डोकं कलतं करून जिन्याच्या दाराच्या फटीला लावलं आणि बारीक कुंईं केलं. एवढा थोरला गडी, पण त्याची पाचावर धारण बसली होती.

नेमक्या त्याच क्षणी वहिनी धावत आत आली आणि तिच्यामागून कापसाला न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई. त्यांना काय दिसलं? काळ्या रॉटवायलरच्या पायात रक्तानं माखलेला कापूस, रॉटवायलरच्या छातीवर रक्त, आणि भिंतीशी शहाण्यासारखा बसलेला ढब्बू. त्याची शेपटी आता पुन्हा हलत होती.

"खाल्लं माझ्या लेकराला!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. वहिनीनं मिनिटच्या नाकावर टॉवेल मारला, कापसाला ओढून काढलं, दुसऱ्या टॉवेलात गुंडाळलं, आणि दोघी तशाच जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाल्या.

बाईंनी तोंड उघडलं होतं. पण ओरडण्यानं घसा बसला होता. "वहिनी..." एवढं निघालं, तेही त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

बेकरीवाले येऊन ढब्बूला घेऊन गेले. वहिनी परत आली. कापसाला चार टाके पडले होते, जीव वाचला होता. मग घड्याळवाले काका आले. वहिनीनं रडत रडत त्यांना सांगितलं. काकांनी एक शब्द उलट विचारला नाही. मिनिटच्या छातीवरचं रक्त आपल्या रुमालानं पुसलं, मुसकं बांधलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं. ठेवायला नको होतं. औषधाचं सगळं मी बघतो, त्यांना सांगा." आणि मान खाली घालून निघाले. मिनिट त्यांच्या मागे, तोही मान खाली घालून.

बाई सातव्या पायरीवर बसून होत्या. आवाज आता परत आला होता. पाणी प्यायल्या होत्या. बोलता आलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी चहाचा कप तसाच सरकवला. वहिनीनं विचारलं, "घाबरलात ना वन्सं? चुकलंच माझं. तुमचा नियम मोडला मी."

"वहिनी, तो नव्हता."

"कोण?"

"मिनिट. त्यानं काही केलं नाही. चावला तो ढब्बू. मी सगळं बघितलं." बाईंनी पाहिलं ते सगळं सांगितलं, शेपटी थांबल्यापासून.

वहिनीनं आपला कप खाली ठेवला. "मग मघाशी काका आले तेव्हा बोलला का नाहीत?"

बाईंनी सरकवलेला कप पुन्हा जवळ ओढला. "आधी आवाज नव्हता. नंतर होता. नंतर... मला ते बरोबरच वाटत होतं, वहिनी. डोळ्यांनी ढब्बूला बघितलं आणि तरी मनात म्हणत होते, रॉटवायलर आहे, लाल शाई आहे, आज नाही तर उद्या त्यानं केलंच असतं. उत्तर आधी ठरवून मग गणित सोडवणाऱ्या पोराला मी शून्य दिलं असतं."

वहिनी हळूच म्हणाली, "पण बेकरीवाल्यांना कसं सांगायचं हो? ते किती चांगले आहेत. अर्धी कुत्री त्यांच्या ओळखीनं येतात आपल्याकडे. आणि कापूस तर बरा होतोय..."

"म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची?"

वहिनीनं पदराला हात पुसले. "नाही," ती म्हणाली. "मी येऊ उद्या तुमच्याबरोबर?"

"नको. उत्तर माझं चुकलंय, खोडणार मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छत्री घेऊन निघाल्या. आधी दातांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. त्यांनी पालिकेला अर्ज लिहून ठेवला होता, असल्या जातीचं कुत्रं वस्तीत नको म्हणून. खाली अकरा सह्यासुद्धा झाल्या होत्या. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. "पण बाई, तुम्ही तर त्या काळ्याला इतक्या घाबरता."

"घाबरते. आत्ताही रस्त्यात दिसला तर मी उलटी फिरेन. म्हणून काय दुसऱ्याचा चावा त्याच्या नावावर मांडू?"

डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुन्हा एकदा वाचला, फाडला नाही, पण घडी घालून खणात ठेवला. "बेकरीवाल्यांना सांगितलंत?"

"तिकडेच चालले आहे."

बेकरीत सकाळची गर्दी होती. ढब्बू नेहमीच्या पायरीवर पसरला होता. बाई त्याच्यापासून चार हात दूर उभ्या राहिल्या आणि गर्दी ओसरायची वाट बघत बसल्या नाहीत, कारण थांबल्या तर धीर सुटेल हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बेकरीवाले आधी हसले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझा ढब्बू? अहो, लहान पोरं त्याच्या तोंडात हात घालतात! बाई, तुमचा मान ठेवतो, पण वय झालं आता तुमचं. वरून काय दिसलं असेल नि काय नाही."

गिऱ्हाइकांत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंची भुवई काही चढली नाही. त्या म्हणाल्या, "माझी एकच विनंती आहे. त्याच्या डाव्या कानाला हात लावून बघा. सांभाळून लावा."

"सांभाळून काय लावायचा?" बेकरीवाले गल्ल्यामागून बाहेर आले, पायरीवर बसले आणि त्यांनी ढब्बूचा डावा कान मुठीत धरला.

ढब्बू गुरगुरला. आपल्या मालकावर. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि मग लगेच, चूक झाल्यासारखा, त्यांचा हात चाटायला लागला.

बेकरीवाल्यांनी कान हळूच उलटा केला. आत सगळं लाल, ओलं, आणि वास येत होता. पाव घ्यायला आलेली माणसं वाकून बघू लागली.

"डोकं झटकत होता महिनाभर," बेकरीवाले म्हणाले. "मला वाटलं माश्या. काही बोललाच नाही हो हा. लोक अंगावर पडायचे, कान ओढायचे, हा आपला गप्प."

"गरीब गाय म्हटलं की तिच्या कानात कोण बघतो?" बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांनाच वाटलं की जरा लागलंच. "मीही बघितलं नव्हतं. वहीत हिरव्या शाईनं लिहून मोकळी झाले होते. वाईट नावानं त्या काळ्याचं नुकसान केलं, आणि चांगल्या नावानं याचं."

बेकरीवाल्यांनी पिठाच्या हातानं डोळे पुसले, दुकान बायकोवर सोपवलं आणि ढब्बूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. दुपारी ते स्वतः डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले, हे बाईंना नंतर कळलं.

तिसरा दरवाजा सगळ्यात जड होता. घड्याळवाल्या काकांचं दुकान म्हणजे दीड खोली. भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि टेबलाखाली मिनिट. मुसकं कालपासून तसंच बांधलेलं. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. छत्रीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "काल तुम्ही आलात तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. घाबरले म्हणून नाही. तो दोषी असावा असं मला वाटत होतं म्हणून. माफ करा."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मी रात्री त्याला रागावलो," ते म्हणाले. "मलाही वाटलं, यानंच केलं असेल. पाच वर्षं माझ्या पायाशी झोपतो हा, आणि मला त्याच्याबद्दल शंका आली. तुम्हाला काय बोलू, बाई?"

"त्याचं मुसकं काढा."

"तुम्ही दारात आहात."

"असू दे. काढा."

काकांनी पट्टा सोडला. मिनिटनं जबडा दोनदा उघडून मिटला, तोंड पंजानं घासलं आणि भांड्यातलं सगळं पाणी लपालपा पिऊन टाकलं. बाई त्याला हात लावायला पुढे गेल्या नाहीत, आणि तो त्यांच्याजवळ आला नाही. तेवढ्यावर त्या दिवसाची भेट संपली.

घरी येऊन बाईंनी वही उघडली आणि सात वर्षांचे चावे पहिल्यांदा मोजले. एक्केचाळीस. त्यातले बत्तीस हिरव्या शाईतले, लाल शाईतला एकही नाही. वहिनी आनंदानं टाळी वाजवून म्हणाली, "बघा! मी सांगत नव्हते? ही छोटीच खरी गुंड!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "हिरवी कुत्री आली किती? शेकड्यांनी. लाल आली किती? चार. चारांवरून जात ठरत नाही, वहिनी. वाईटही ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही. काल मी एका बाजूनं चुकले, आज तुम्ही दुसऱ्या बाजूनं चुकताय."

"मग काय लिहायचं वहीत?"

बाईंनी दोन दिवस विचार केला. नव्या वहीत जात लिहायची जागा त्यांनी ठेवली, पण अगदी शेवटी, अरुंद. आधी प्रश्न आले. कुठे दुखतंय का? कशावरून चिडतं, खाणं, खेळणं की मालक? दुसरं कुत्रं जवळ आलं की शेपटीचं काय होतं? म्हातारं आहे का, ऐकू येतं का? आणि नियम सगळ्यांना एकच. कुणीही असो, पॉम असो नाहीतर रॉटवायलर, खोलीत मोकळं कुणी बसायचं नाही. वहिनीनं कुरकुर केली, पण चावे पुढच्या वर्षी दोनावर आले तेव्हा तिनं कुरकुर थांबवली.

मिनिटही काही संत नव्हता. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या भांड्याशी एक ठिपक्यांचा डॅल्मेशियन आला तेव्हा तो असा गुरगुरला की वहिनी स्टुलावर चढली. बाईंनी तेही वहीत लिहिलं. 'भांड्याजवळ कुणी नको.' त्याच शाईनं, ज्या शाईनं बाकीच्यांचं लिहीत होत्या.

ढब्बूच्या कानाला दीड महिना औषध चाललं. तो बरा झाला, पण बेकरीच्या पायरीवर आता एक पाटी आहे, 'डोक्याला हात लावण्याआधी विचारा.' कापूस आणखी दीड वर्ष जगला आणि झोपेतच गेला. डॉक्टरीणबाईंनी तो अर्ज कधी पाठवला नाही.

आता मिनिट म्हातारा झालाय. मागचे पाय धरत नाहीत, लाळ गळते. काका दुपारी जेवायला घरी जातात तेव्हा त्याला घरच्या जिन्यावरून उचलून नेणं त्यांना झेपत नाही. म्हणून रोज एक ते दोन बाई दुकानात येऊन बसतात. टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मिनिट. मध्ये जवळपास दोन हात अंतर असतं. ते बाईंनी कधी कमी केलं नाही, पण परवा झोपेत मिनिटनं पाय ताणला आणि पंजा त्यांच्या चपलेवर आला, तर त्यांनी चप्पल काढून घेतली नाही.

त्याच दुपारी एक अनोळखी मावशी घड्याळ घेऊन आल्या. आत काळं धूड बघून त्या उंबऱ्याबाहेरच थबकल्या. ऊन डोक्यावर तापलेलं.

"चावत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"आजवर मला तरी चावला नाही. पुढचं मी कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "भीती वाटते का?"

"फार."

"मलाही. पण घाबरायचंच असेल तर आत येऊन घाबरा. बाहेर ऊन आहे."